पदर सांभाळा म्हणे!

तुमच्या दारात मोटारसायकल उभी असेल, तर एक करा. हे मासिक हातात तसंच ठेवून बाहेर जाऊन या. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला लोखंडी जाळी दिसते का? तिला साडीगार्ड म्हणतात. दिसली असेल तर या, बसा, पुढचं निवांत वाचा. दिसली नसेल, किंवा ‘शोभत नाही’ म्हणून घरातल्या कुणी काढून टाकली असेल, तर मात्र जरा लक्ष देऊन वाचा.

आमच्या शहापूरच्या घरी मागच्या पडवीत एक येझदी उभी असते. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती १९८३ साली घेतली. ते जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर जावं लागे, आणि गाय अडली की ती काही एस.टी.ची वेळ पाहून अडत नाही. म्हणून गाडी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती बनायची. कारखाना निघाला १९६० साली, १९७३ पासून गाडीवर ‘येझदी’ हे नाव आलं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०२२ पासून त्याच नावाची नवी गाडी बाजारात आहे, पण तिचे भाग हिला लागत नाहीत, नुसती आडनावबंधू!

ही गाडी आहे मोठी तऱ्हेवाईक. किक आणि गिअर मिळून दांडा एकच. मागे वळवला की किक, पुढे आणला की गिअर. इंजिनाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. या डावीकडच्या सायलेन्सरकडे लक्ष ठेवा, पुढे तो आपल्याला छळणार आहे.

आता घरातली जुनी गोष्ट सांगते. १९८६ सालची पौष पौर्णिमा. मुरबाड तालुक्यात म्हसा म्हणून गाव आहे, तिथे त्या दिवशी म्हसोबाची मोठी जत्रा भरते. बैलांचा बाजार असतो, घोंगड्या मिळतात. आमचे ‘हे’ तेव्हा वर्षाचे होते. त्यांना आजीजवळ ठेवून अण्णा आणि सासूबाई येझदीवरून जत्रेला गेले. येताना सासूबाईंच्या मांडीवर नवी घोंगडी. सरळगाव सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागले आणि वाऱ्याने उडालेला पदर मागच्या चाकात गेला. त्या पाठीवर पडल्या. डोक्याला लागलं नाही हे नशीब. पण डावा कोपर निखळला, तो आजही पुरता सरळ होत नाही. पोळी लाटताना त्यांचा तो हात किंचित वाकडा फिरतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, लाटायची पद्धतच असेल.

ही हकीकत आमच्याकडे हसण्यावारी सांगितली जाते. पाहुणे आले की अण्णा म्हणायचे, “घोंगडी वाचली, बायको पडली! हिला पदर काही सांभाळता आला नाही.” सगळे हसायचे. सासूबाईही हसायच्या. त्यानंतर त्या कोणत्याही दुचाकीवर कधी बसल्या नाहीत. किन्हवलीला लग्न असो की मुरबाडला बारसं, त्या एस.टी.ने, नाहीतर रिक्षाने.

तर दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या मनात आलं, येझदी पुन्हा चालू करायची. इंजिन दुरुस्त झालं, रंग झाला, दर पाच वर्षांनी करावं लागणारं नोंदणीचं नूतनीकरणही झालं. रविवारी मला मागे बसवून माहुलीच्या पायथ्यापर्यंत न्यायचा बेत ठरला. तेव्हा सासूबाई पडवीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हिला त्यावर बसवायचं नाही. आधी चाक झाका.”

सासूबाई एरवी कशाला नाही म्हणत नाहीत. त्यामुळे सगळे गप्प झालो.

मेकॅनिक बोलावला. त्याने बाजारातल्या दोन तयार जाळ्या लावून पाहिल्या. एक सायलेन्सरवर आपटत होती, दुसरी शॉकअपला घासत होती. दोन्ही बाजूला ठेवून तो मला म्हणाला, “ताई, हिला नाही बसत जाळी. पदर नीट सांभाळून बसायचं, झालं!”

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही, पण सूप थांबलं होतं.

इथे माझे धाकटे दीर आले. ते मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त एका कारखान्यात नकाशे काढायच्या विभागात आहेत. यंत्राचे भाग संगणकावर रेखाटायचे हेच त्यांचं काम. ते म्हणाले, “वहिनी, तयार जाळी बसत नसेल तर मापाची शिवू. आधी गाडीचा सांगाडाच संगणकात घेऊ.”

मला वाटलं, हे काहीतरी परदेशातलं खूळ असणार. तसं नाही. जुन्या बुलेट घेऊन त्यांना नवं रूप द्यायचा धंदा आपल्या महाराष्ट्रात चांगला चालतो. अक्षय वर्दे यांनी २००५ साली सुरू केलेली ‘वर्देंची’ त्यातलीच. (अभिनेत्री समीरा रेड्डीचे हे यजमान. आपल्याला असं सांगितलं की नाव लक्षात राहतं!) आणि संगणकावर चित्र काढून त्यावरून थेट वस्तू बनवायची विद्या तर खेड्यातही पोचली आहे. माळशेज घाट चढून पलीकडे पुणे जिल्ह्यात पाबळ गाव आहे. तिथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, आणि २००२ साली अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेच्या मदतीने तिथे अशी प्रयोगशाळा उभी राहिली. त्या संस्थेबाहेरची जगातली ही पहिली, आणि तीसुद्धा कुठल्या राजधानीत नाही, शिरूर तालुक्यात!

आता हे करतात कसं ते सांगते, कारण मला त्यात फार गंमत वाटली. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. अंतर चुकतं. दोन डोळे दोन जागांवरून पाहतात म्हणून आपल्याला खोली कळते. संगणकाचंही तेच. एकाच वस्तूचे निरनिराळ्या जागांवरून खूप फोटो काढायचे. एकच ठिपका प्रत्येक फोटोत कुठे सरकला त्यावरून तो किती लांब आहे ते संगणक काढतो. भावोजींनी टाकी आणि सीट उतरवून सांगाडा उघडा केला आणि साध्या मोबाइलवर त्याचे दोनशे साठ फोटो घेतले.

पहिला प्रयत्न वाया गेला. चकाकणाऱ्या वस्तूवर प्रत्येक फोटोत चमक वेगळ्या जागी दिसते, त्यामुळे संगणक फसतो. सायलेन्सरच्या जागी नुसता भोकं पडलेला चिंधा आला. त्यावर पांढरी भुकटी मारावी लागते, तिचा फवारा विकत मिळतो, पण महाग. मी अंगाला लावायची पावडर मलमलच्या फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि हलक्या हाताने सगळीकडे आपटली. फवाऱ्यापेक्षा सारखी बसली, हे भावोजींचं मत. दुसरी अडचण अशी की काळी नळी सगळीकडून काळीच. ठिपका ओळखणार कसा? त्याला खुणा लागतात. माझ्याकडे टिकल्यांची अर्धी वापरलेली पाकिटं ढिगानं होती. लाल, हिरव्या, चंद्रकोरी, सगळ्या चिकटवल्या. गाडी अशी नटली की आमची मुलगी म्हणाली, “आई, येझदीचं डोहाळजेवण आहे का?”

आणखी एक. फोटोला माप नसतं. संगणकाला ती येझदी आहे की खेळण्यातली गाडी हे कळत नाही. म्हणून शेजारी काहीतरी मापाचं ठेवावं लागतं. मी शिवणाची टेप दिली, तर भावोजींनी ती स्टीलच्या पट्टीला लावून दाखवली. मीटरला अर्धा सेंटिमीटर वाढली होती! कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबते. मागच्या दिवाळीचे दोन ब्लाउज का ढगळ झाले ते मला त्या दिवशी कळलं. तुमचीही टेप एकदा स्टीलच्या पट्टीला लावून पाहाच.

रात्रभर संगणक चालला. सकाळी पडद्यावर पाहते तो काय, लाखो ठिपक्यांची येझदी! आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तशी, पण हवेत तरंगणारी आणि चारी बाजूंनी फिरवता येणारी. हे ठिपके म्हणजे नुसता कच्चा खर्डा. त्यावरून भावोजींनी प्रत्येक नळी नीट गोल आखून घेतली. जिथे बारीक माप हवं, तिथे ठिपक्यांवर विसंबून न राहता व्हर्नियरने नळीची जाडी मोजली, कारण फोटोवरून एक-दोन मिलिमीटरची चूक राहू शकते.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. उजवी बाजू आरशासारखी उलटवून डाव्या बाजूवर ठेवली. सांगाडा दोन्हीकडे सारखा असायला हवा, वाकला असेल तर कळावं म्हणून. तो वाकलेला नव्हता. पण डावीकडे, सीटच्या खाली, नळीला एक छोटा लोखंडी कान जास्तीचा निघाला. त्याला भोक. उजवीकडे असा कान नाही. रंगाचे थर चढून चढून तो आमच्या कुणाच्या नजरेला आलाच नव्हता.

“अण्णा, हा कान कशाचा?” भावोजींनी विचारलं.

अण्णा चष्मा लावून बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “जाळीचा.” आणि थोड्या वेळाने, “गाडी घेतली तेव्हा दुकानातच बसवून दिली होती. औषधांची पेटी त्या बाजूला बसेना, म्हणून मी काढली. पंच्याऐंशी साली असेल.”

पडवीत कुणी काही बोललं नाही. सासूबाई तिथेच होत्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी संध्याकाळचा चहा अण्णांनी स्वतः केला.

मी रात्री त्यांना विचारलं, “आई, तुम्हाला ठाऊक होतं?” त्या म्हणाल्या, “नाही गं. तेव्हा मी तेविशीची. गाडीला काय होतं नि काय नव्हतं, कोण बघत बसलं होतं? मला वाटलं, माझंच चुकलं.”

चाळीस वर्षं! आपल्या देशात १९८९ साली केंद्रीय मोटार वाहन नियम झाले. त्यातला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कायमची मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. म्हणजे सरकारी कागदावरसुद्धा काम चाकाने झाकून घ्यायचं आहे, पदराने स्वतःला सांभाळायचं नाही. नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती अशीच, गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. कापड उडणारच. त्याचा तो धर्मच आहे.

असो. जाळीकडे वळते.

तुम्ही म्हणाल, वेल्डरकडे गाडी नेऊन तिथल्या तिथे सळ्या वाकवून घेतल्या असत्या तर? तसंही करतात. पण चाक जागेवर स्थिर नसतं. ते ज्यात बसतं त्याला मेकॅनिक लोक चिमटा म्हणतात, आणि दोन माणसं बसली, खड्डा आला, की चिमटा चाकासकट वर-खाली होतो. उभ्या गाडीला बरोबर बसलेली जाळी वजन पडल्यावर नको तिथे टेकते. संगणकात मात्र तो चिमटा बोटाने वर-खाली करता येतो आणि जाळी कुठे घासेल ते आधीच लाल होऊन दिसतं. शिवाय वेल्डर सरळ सांगाड्यालाच डाग देतो. मूळ बांधणीत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंदी आहे, आणि जुनी नळी तापवणं धोक्याचंही. म्हणून भावोजींनी ठरवलं, सांगाड्याला भोक नाही, डाग नाही. त्या जुन्या कानाला एक बोल्ट आणि बाकी दोन पकडी, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावून.

पहिली आकृती त्यांनी दाखवली ती दिसायला सुरेख होती. आडव्या सळ्या, दोन सळ्यांमध्ये सहा सेंटिमीटरची फट. मी म्हटलं, “भावोजी, साडी कधी नेसलाय का?” घरातली नायलॉनची साडी आणली, खिडकीच्या गजांपुढे धरली आणि पंखा मोठा केला. पदर गजांमधून सरळ पलीकडे! मग ओढणीचा गोंडा, रेशमी साडीचे दशे, सगळ्याची चाचणी झाली. सळ्या उभ्या-आडव्या करून फट अडीच सेंटिमीटरवर आणली. सायलेन्सरपासून चार सेंटिमीटरचं अंतर सोडलं. आपण ब्लाउजला शिलाईची माया सोडतो ना, तशीच ही. फक्त इथे माया कापडाची नाही, हवेची.

मग पावलांचा प्रश्न. मी स्वतः पंजाबी ड्रेस घालते तेव्हा दोन्हीकडे पाय टाकूनच बसते, तोल त्यानेच नीट राहतो. पण साडीतली बाई एका अंगाला बसते आणि तिची दोन्ही पावलं त्या डावीकडच्या तापलेल्या सायलेन्सरजवळ येतात. एका पावलाचा खुंट पुरत नाही. म्हणून जाळीलाच खाली एक पाट जोडला, दोन्ही चपला मावतील एवढा, कडेला बोटभर उंच काठ असलेला, आणि सायलेन्सरच्या अंगाला आडवी पत्र्याची पट्टी.

लोखंडात करण्याआधी प्लॅस्टिकचा नमुना करून पाहावा असं ठरलं. मी अर्धवेळ मराठी शिकवते त्या शाळेत, सरकारच्या योजनेतून आलेलं असं वस्तू छापणारं यंत्र आहे. बहुतेक वेळ ते झाकणाखालीच असतं. विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते आनंदाने हो म्हणाले, म्हणाले, “निदान कुणीतरी विचारलंत.” यंत्र लहान, त्यामुळे जाळी पाच तुकड्यांत छापली. आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत येऊन बघत बसायच्या. एकीने विचारलं, “बाई, दशम्या थापल्यासारखं थरावर थर घालतंय का हे?” अगदी तसंच.

नमुना गाडीला चपखल बसला. ह्यांना राहवेना, त्यांनी किक मारली. दहा मिनिटांत सायलेन्सरजवळची पकड मेणबत्तीसारखी वाकून खाली आली! ते प्लॅस्टिक मक्याच्या स्टार्चपासून करतात आणि साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. नमुना तो नमुनाच. पण त्या लोंबलेल्या पकडीमुळे एक कळलं, की उष्णता आम्ही धरली होती त्याहून वर येते. पत्र्याची पट्टी दोन बोटं वाढवली.

शेवटी मुरबाडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याला भावोजींनी पूर्ण मापाचा कागद छापून दिला, आपण ब्लाउजचं कागदी कटिंग देतो तसा. त्याने तो प्लायवूडवर चिकटवला, रेषेवर खिळे ठोकले आणि सहा मिलिमीटरची सळी त्या खिळ्यांतून वळवली. गाडी त्याच्याकडे एकदाही न्यावी लागली नाही. सळी, मजुरी, पावडर कोटिंग धरून अठराशे पन्नास रुपये लागले. रविवारी अर्ध्या तासात जाळी बसली. तो जुना कान आणि नवा बोल्ट, दोघांची भोकं तंतोतंत जुळली.

सासूबाई बाहेर आल्या. हातात त्यांचं जुनं लुगडं होतं, विटकं, मऊ झालेलं. ह्यांना म्हणाल्या, “चालू कर. चाक उचलून फिरव.” गाडी स्टँडवर होती, मागचं चाक गरगर फिरू लागलं. त्यांनी लुगड्याचं टोक जाळीवर धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. वरून, मागून, खालून. वाकड्या हाताने जाळी हलवून पाहिली. कापड फडफडत राहिलं, आत गेलं नाही. अण्णा शेजारी उभे होते. सासूबाईंनी ते टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही पण बघा.”

अण्णांनी पाहिलं. बराच वेळ पाहत होते. “घोंगडी वाचली” ही गोष्ट त्यांनी त्यानंतर पाहुण्यांना सांगितलेली मी ऐकलेली नाही.

यंदा पौष पौर्णिमेला सासूबाई म्हशाला गेल्या. येझदीवरून, मुलाच्या मागे बसून, डोक्यावर हेल्मेट आणि पदर कमरेला खोचून. खोचायला लागत नाही आता, म्हटलं तर म्हणाल्या, “असू दे, सवय.” अण्णा एस.टी.ने गेले. येताना घोंगडी त्यांच्याकडेच होती.